देवकीची कार्डं

६ मार्च १९३८

काल धसईच्या बाजारात मुरबाडच्या ग्रामसुधार मंडळाचे चिटणीस भेटले. म्हणाले, "भिमाजी, पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात तुम्ही 'कुटुंबाची एकी' या विषयावर बोला. तीन भावांची एक चूल असलेली घरं आता तालुक्यात शोधावी लागतात." मी हो म्हटलं आणि येताना ही वही घेतली. घर कशानं टिकतं हे आमच्याकडे रोज घडतं, पण लिहून ठेवलं नाही तर उभं राहिल्यावर नेमकं आठवत नाही.

आमचं घर असं. थोरला मी. मुरबाडला मराठी सहावीपर्यंत शिकलो, वर्षभर मास्तरकीही केली, मग बाबा गेले आणि नांगर धरला. मधला नामा, बैलासारखा राबतो आणि बैलाइतकंच बोलतो. धाकटा जैतू उंबरमाळीच्या बाजूला रेल्वेच्या टोळीत खडी टाकायला लागला, आता भुसावळच्या इंजिनांच्या शेडमध्ये आहे. तिघांच्या बायका घरात: माझी जनाबाई, नामाची पारू, जैतूची देवकी. बाबांनी जाताना माझा हात धरून एवढंच सांगितलं, चूल फुटू देऊ नको.

घरात वाचता येतं ते मला एकट्याला. टपालवाला आठवड्यातून एकदा येतो. जैतूचं कार्ड आलं की मी ओटीवर बसून मोठ्यानं वाचतो आणि बायका आतल्या दाराशी उभ्या राहून ऐकतात. जनाबाई म्हणते, आपल्या गोदूला शाळेत घाला. पोरीचं वय आहे खरं, पण एका घरात दोन वाचणारे झाले की दोन मतं होतात. तूर्त नको म्हटलं.

२ एप्रिल

राबाची कामं चालू. पाला, शेण, डहाळ्यांची कवळं सगळं दाढीच्या, म्हणजे रोपांच्या, तुकड्यावर जाळायला पसरून झालं. भाजलेल्या जमिनीत रोप जोमानं येतं. देवकी डोंगरातून पाल्याचे भारे आणते ते नामाच्या भाऱ्यापेक्षा मोठे असतात. पोरगी वीस वर्षांची असेल, पण अंगात वारं आहे.

दुपारी जैतूचं कार्ड आलं. शेडमधल्या कुणा कारकुनाकडून लिहून घेतो, अक्षर चांगलं आहे. मजकूर असा: "तीर्थरूप दादांच्या सेवेसी, जैतूचा शिरसाष्टांग नमस्कार. प्रकृती ठीक आहे, सर्वांस आशीर्वाद व नमस्कार. मला रेल्वेची खोली मिळाली आहे. पुढे ओसरी आहे व नळ जवळ आहे. तरी देवकीला नामादादाबरोबर आसनगाव स्टेशनवरून गाडीत बसवून द्यावे. मी भुसावळला उतरून घेईन. दोन वर्षे हाताने भाकरी थापतो आहे. तिला सांगावे की येथे करमेल."

मी वाचलं: नमस्कार, मला रेल्वेची खोली मिळाली, प्रकृती ठीक आहे, सर्वांना आशीर्वाद व नमस्कार.

खोटं काही वाचलं नाही. जे वाचलं ते कार्डावर होतंच. पुढचं वाचलं असतं तर आज राब टाकून बायका गाठोडं बांधायला बसल्या असत्या. लावणी झाली की सांगेन. आणि खरं सांगायचं तर एकीला खोली मिळाली की उद्या पारू नामाच्या मागे लागेल. भोपळ्याला एक भोक पडलं की पाणी कुठून गेलं ते विचारायची गरज राहत नाही.

४ एप्रिल

देवकी माझ्यासमोर बोलत नाही. आमच्यात थोरल्या दिरासमोर धाकटी सून पदर पुढे ओढून बाजूला होते, आवाज काढत नाही. काही विचारायचं तर जनाबाईमार्फत. आज जनाबाई भाकर वाढताना म्हणाली, "देवकी इचारते, कारडात आनकी काय व्हतं का?"

"काय असणार? जैतू काय पोथी लिहितो?"

जनाबाईनं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग कालवण वाढलं.

१९ जुलै

लावणी संपली. पाठीचा काटा ढिला झाला. मुरबाडपासून इकडे कुणाचीच अजून पुरी झालेली नाही, आमची झाली. देवकी चिखलात वाकली की ओळ संपेपर्यंत वर बघत नाही. जनाबाईची कंबर यंदा गेलीच आहे, तिनं बांधावर बसून नुसती रोपं सोडवली. देवकी नसती तर दोन बाया मजुरीनं लावाव्या लागल्या असत्या. भाषणासाठी टीप: एकीचं पहिलं फळ शेतात दिसतं.

मधल्या काळात दुसरं कार्ड आलं होतं, लिहायचं राहिलं. देवकी कधी येते, आजारी आहे का, असं विचारलं होतं. मी उत्तर लिहिलं: लावणीचे दिवस आहेत, तुझ्या वहिनीची कंबर दुखते, भात कापून झाल्यावर पाहू. यात एक अक्षर खोटं नाही. दारात मी वाचलं: प्रकृती ठीक आहे, पाऊस कसा आहे ते कळवावे.

देवकीनं जनाबाईकरवी विचारलं, "मला काय लिवलं नाय?" मी म्हटलं, पुरुषमाणूस सगळ्यांच्या देखत वाचायच्या कार्डावर बायकोला काय लिहिणार. पटलं असावं, पुन्हा विचारलं नाही.

११ नोव्हेंबर

कापणी, झोडणी. खळ्यावर भाताची रास बघून बाबांची आठवण आली. तीन भावांचं भात एका राशीत. डोळे भरून आले, लिहायला लाज नाही.

तिसरं कार्ड. जैतू जरा तिरसट झालाय. "कापणीही झाली असेल. शेजारी विचारतात की तुझी बायको आहे की नाही. तिला यायचे नसेल तर तिने तसे स्पष्ट कळवावे, म्हणजे मी वाट बघणार नाही." मोठ्या भावाला लिहायची ही रीत नव्हे. परगावच्या पाण्याचा गुण.

वाचायला बसलो तेव्हा देवकी नेहमीसारखी दाराआड नव्हती. उंबरठ्याला लागून उभी होती आणि माझ्या तोंडाकडे नाही, कार्डाकडे बघत होती. कार्ड दोन्ही बाजूंनी भरलेलं. मी वाचलं ते चार ओळींचं. नंतर जनाबाई म्हणाली, "येवढं लिवलेलं आन येवढंच वाचलंत?"

"इंग्रजी छापा असतो वर. पत्ता असतो."

"कोंबडं झाकून ठेवल्यानं उजाडायचं ऱ्हात नाय, म्हनतात," ती म्हणाली आणि सूप घेऊन निघून गेली. तिच्या बोलण्याचा रोख कळला नाही असं मी लिहिणार नाही. पण घर चालवणाऱ्याला घरातल्या प्रत्येकाचं मन राखत बसता येत नाही.

१७ जानेवारी १९३९

तिसऱ्या कार्डाचं उत्तर दोन महिने टाळत होतो, आज लिहून टाकलं. नक्कल इथं ठेवतो, पुढेमागे कुणी विचारलं तर असावी.

"चि. जैतूस अनेक आशीर्वाद. देवकी म्हणते की तिकडे यायची तिची इच्छा नाही. परक्या मुलखात तिला करमणार नाही. येथे सर्वांत तिचे मन रमले आहे. तू सणाला येत जावे. तिने नमस्कार सांगितला आहे."

तिला विचारलेलं नाही. पण विचारणार कसं? ती माझ्याशी बोलत नाही. आणि न बोलणाऱ्या माणसाचं मन त्याच्या वागण्यावरूनच ओळखायचं असतं. भात कांडताना ती गाते, हे मी कानांनी ऐकलंय. दुःखी बाई गाते का? शिवाय रागानं का होईना जैतू शिमग्याला घरी येईल, समोरासमोर बसून मिटवू. आपलेच दात, आपलेच ओठ.

२६ फेब्रुवारी

आज मुरबाडचा मेळावा. मांडव भरला होता. मामलेदारसाहेब खुर्चीवर होते. मी वहीतल्या टिपांवरून बोललो. काठी मारून पाणी तुटत नाही, तसं घर बाहेरच्या घावानं तुटत नाही, आतल्या स्वार्थानं तुटतं. कर्त्या माणसानं कडू घोट स्वतः गिळावा आणि घरच्यांना गोड तेवढं द्यावं, असं म्हटलं तेव्हा टाळ्या पडल्या. चिटणीसांनी नारळ आणि उपरणं दिलं. म्हणाले, भिमाजी, तुमच्या भावजयांचं भाग्य.

घरी येऊन उपरणं दाखवलं. पारूनं हात लावून बघितलं. नामा म्हणाला, "चांगलं हाय." देवकी शेणी थापत होती. तिनं वर बघितलं नाही. तिला काय कळणार भाषणातलं.

१० मार्च

शिमगा झाला. जैतू आला नाही.

८ जून

कार्ड आलं. एकाच बाजूला चार ओळी.

"दादांस नमस्कार. तिची इच्छा नाही हे कळले. मी जबरदस्ती करीत नाही. येथे आमच्याच जातीची एक विधवा बाई आहे, तिच्याशी पाट लावला आहे. तिचे एक मूल आहे. देवकीने तेथे सुखात राहावे, माझा राग नाही. पुढे पत्र लिहिण्यासारखे काही नाही."

मी वाचलं: नमस्कार, प्रकृती ठीक आहे. खोकल्याचं निमित्त करून लगेच उठलो.

उतावळा नवरा. वर्षभर थांबला नाही. बायको काय, गाडी आहे, ही चुकली की पुढची धरली? मी घर सांधायला बघतो आणि हा तिकडे नवं उभारून बसतो. सगळा दोष त्याचा आहे असं मी सकाळपासून स्वतःला सांगतोय. पण प्रत्येक वेळी शेवटी ते १७ जानेवारीचं पान डोळ्यांपुढे येतं.

देवकीला सांगायला हवं. लावणी तोंडावर आहे. लावणी झाल्यावर.

३० जुलै

लावणी झाली. सांगितलं नाही.

जनाबाईकरवी निरोप आला: गणपतीला ते येतील का, एवढं लिहून विचारा म्हणे. मी म्हटलं, लिहितो. कोरं कार्ड समोर घेऊन बसलो आणि तसंच ठेवून दिलं.

१४ नोव्हेंबर

आज घर फुटलं. जसं झालं तसं लिहितो.

दुपारी खळ्यावर झोडणी चालली होती. नामा बाजाराला गेला होता, तो लडकूला घेऊन आला. लडकू वाशिंदकडचा, जैतूबरोबर त्याच शेडमध्ये आहे, रजेवर आलाय. त्याची बहीण धसईत दिली आहे. मी म्हटलं, या, पाणी घ्या. त्याला कुणी सांगितलं नसावं की इथं काय बोलायचं आणि काय नाही. खळ्यात बसून सरळ म्हणाला, "जैतू बरा हाय. पोरगा झाला त्याला ह्या दिवाळीत."

पारूच्या हातातला भारा खाली पडला.

लडकूनं सगळ्यांकडे बघितलं. "तुमाला ठावं नाय? पाट लावला न् त्यानं. काय करील, आठ-नव म्हयने बोलवत व्हता. मीच संगती जायचो त्याच्या कारकुनाकडं, कारडं लिवायला. येक पाठवलं, दोन पाठवली. खोली घेतली, खाट केली. मंग हितनं कारड गेलं का बायको येत नाय म्हनते. ते वाचलं त्या दिशी जेवला नाय तो."

नामानं माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्यानं माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "हे घरातलं बोलणं आहे, पाहुण्यासमोर नको." लडकू उठला, पाणीही न पिता गेला.

देवकी उभी होती तिथंच होती. हातात भाताची पेंडी. ती तिनं फळीवर आपटली, दाणे झडले, पुन्हा आपटली, पुन्हा. दाणे कधीच संपले होते. शेवटी जनाबाईनं जाऊन तिच्या हातातून पेंढा काढून घेतला.

१५ नोव्हेंबर

सकाळी ओटीवर बसलो होतो. देवकी आतून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं. मीच खाली बघितलं. घरात येऊन पाच वर्षं झाली तिला, पण तिचा चेहरा मी नीट पाहिलेला नव्हता.

"भावजी, माजी कारडं द्या."

तिचा आवाज जाडसर आहे. हेही मला ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, "वेडी का तू? तुला वाचता कुठं येतं?"

"नाय येत. पन ती माजी हायत."

नामा दारात येऊन उभा राहिला. मी पेटीतून कार्डं काढली. एकही फाडलं नव्हतं, हे लक्षात घ्यावं. लबाड माणूस फाडून टाकतो. चारही तिच्यापुढे ठेवली. ती खाली बसली, एकेक हातात घेऊन उलटसुलट बघितलं.

"ह्यात पयलं कंचं? बोलावल्यालं?"

मी बोट ठेवलं.

"वाचा."

मी वाचलं. नळ जवळ आहे, हे वाचलं. दोन वर्षे हाताने भाकरी थापतो आहे, हेही वाचलं. तिला सांगावे की येथे करमेल, इथं थांबलो. ती म्हणाली, "परत." मी परत वाचलं. मग दुसरं. मग तिसरं. शेजारी विचारतात की तुझी बायको आहे की नाही, हे वाचताना पारू रडायला लागली. देवकी रडली नाही. चौथं वाचून झालं तेव्हा तिनं चारही कार्डं एकावर एक ठेवली आणि म्हणाली,

"आन मी काय लिवलं व्हतं?"

"काय?"

"माज्या नावानं कारड गेलं न् त्यांना. लडकू म्हनला. मी काय लिवलं ते वाचा."

मी म्हटलं, ते कार्ड इथं कसं असेल, ते भुसावळला गेलं. तेव्हा आतून जनाबाई म्हणाली, "वहीत असंल. तुमी समदं वहीत लिवता."

माझी बायको. लग्नाला बावीस वर्षं झाली.

वही आणली. १७ जानेवारी काढली. देवकी म्हणते की तिकडे यायची तिची इच्छा नाही. माझ्याच अक्षरातलं मला वाचवेना. येथे सर्वांत तिचे मन रमले आहे. तिने नमस्कार सांगितला आहे. वाचून झालं. मी म्हटलं, "मी घरासाठी केलं. स्वतःसाठी एक दाणा जास्त घेतलाय का, सांगा. बाबांना शब्द दिला होता."

नामा म्हणाला, "दादा, लावनीसाठी केलंस."

एवढंच म्हणाला आणि बैल सोडायला गेला. नामा कधी बोलत नाही. बोलला असता तर मी आधी ऐकलं असतं, असं लिहायला घेतलं होतं. पण ते खरं नाही.

मी जनाबाईला विचारलं, तुला संशय होता तर बोललीस का नाही. ती म्हणाली, "मी खोदून इचारलं नाय. माजी कंबर दुकत व्हती." मग बराच वेळ ती देवकीपाशी बसली, पण देवकीनं तिचाही हात हातात घेतला नाही.

१८ नोव्हेंबर

नामानं पडवीच्या बाजूला तीन दगड मांडले. पारूनं तिथं भात शिजवला. मला कुणी विचारलं नाही.

देवकी उद्या उंबरमाळीला भावाकडे जाणार आहे. भाऊ रेल्वेच्या टोळीत आहे, तिथं बायकांनाही खडी फोडायचं काम मिळतं म्हणे. मी जनाबाईकरवी सांगायला गेलो की तुझा वाटा इथं आहे, तुला कुणी काढलेलं नाही. निरोप आतपर्यंत पोचायच्या आधीच ती बाहेर आली. आता ती मध्ये कुणाला घालत नाही.

"वाटा नको. येक कारड लिवा."

मी कोरं कार्ड काढलं, दौत उघडली. पत्त्यात 'भुसावळ' लिहिलं, तारीख घातली. म्हटलं, सांग.

"लिवा. तुमी बोलावलंत ते मला परवा कळलं. मी आले असते."

मी लिहिलं. म्हटलं, पुढे?

"बास."

"अगं, कार्ड सगळं मोकळं राहिलंय. नमस्कार तरी लिहू? पोराला आशीर्वाद?"

"मी बोलले तेवढंच."

खाली दोन बोटं जागा होती तिथं मला एक ओळ घालायची होती, माझी. जैतू, तुझ्या भावाचं चुकलं, असं काहीतरी. टाक टेकवलाही होता. ती समोर उभी राहून टाकाकडे बघत राहिली, मी तो खाली ठेवीपर्यंत. मग कार्ड उचललं, शाई वाळेपर्यंत उन्हात धरलं आणि चालू लागली. मी म्हटलं, उद्या टपालवाला येईल, त्याच्याकडे देतो. ती थांबली नाही. धसई इथून दोन कोस आहे.

संध्याकाळी नामा बाजारातून आला. मी विचारलं, देवकी भेटली का, कार्ड टाकलं का पेटीत?

"टाकलं," नामा म्हणाला. "पन आदी पोस्टमास्तरांकडून वाचून घेतलं. दोनदा."